कादंबरी पुढे-मागे उड्या मारते आणि दर वेळी साठाव्या पानावर गाडी अडते: आधी काय तपासायचं

ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आलीय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. मी मास्तर नाही, समीक्षक तर नाहीच, फक्त काळाची सरमिसळ केलेल्या कादंबऱ्या वाचायचं खूळ आहे आणि ते ओळखीच्यांना माहितीये, त्यामुळे कोणी असं पुस्तक अर्ध्यात टाकलं की मेसेज येतो, "अरे हे काय दिलंस वाचायला, मेलेला माणूस परत आला की". आणि खरं सांगायचं तर हा बिघाड मी सगळ्यात जास्त वेळा माझाच दुरुस्त केलाय, एक कादंबरी चार वेळा सुरू करून चार वेळा त्याच पानावर सोडली होती, पाचव्यांदा संपली ती खाली लिहिलेल्या गोष्टी याच क्रमाने केल्या म्हणून.

क्रम मोडू नका एवढंच. सोप्या, फुकटातल्या गोष्टी आधी. लोक उलटं करतात, पहिल्या दिवशीच मोठा तक्ता काढायला बसतात आणि मग तक्त्यालाच कंटाळतात.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा.

- ऐंशीव्या पानावर जो गेला तो एकशेविसाव्या पानावर आरामात जिना उतरत येतो, आणि तुम्ही मागे जाऊन बघता की आपणच चुकीचं वाचलं की काय.
- प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान दोनदा वाचावं लागतं आणि दुसऱ्यांदाही "हे कधीचं?" हाच प्रश्न.
- एकाच नावाची दोन माणसं आहेत हे शंभर पानांनंतर कळतं.
- दोन दिवस खंड पडला की परत पहिल्यापासून. पहिली चाळीस पानं तोंडपाठ, एकेचाळिसावं अजून पाहिलेलं नाही.
- काय काय झालं ते सांगता येतं, पण कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.
- "याला सरळ सांगता येत नव्हतं का" असं मोठ्याने तोंडातून निघतं.

खरा आजार पाचवा. बाकीचा सगळा त्याचा ताप.

आता पहिल्यांदाच एक गैरसमज काढून टाकू, की "माझं डोकंच नाही अशा पुस्तकांचं". 'मृत्युंजय' (१९६७) वाचलंय ना? नसेल तर घरात कोणीतरी वाचलेलं असतंच. त्यात कर्ण, वृषाली, शोण, दुर्योधन, कुंती, कृष्ण असे निवेदक बदलत जातात, कुंतीचा भाग तर कर्णाच्या जन्माच्याही आधी, पार तिच्या लहानपणात जातो, पण "मी हरवलो" असं म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. का, तर महाभारताचा क्रम आधीच डोक्यात बसलेला असतो, लेखकाने कुठलाही तुकडा कधीही हातात दिला तरी आपण तो बरोबर त्याच्या कप्प्यात ठेवतो. म्हणजे उड्या आपल्याला झेपतात. अनोळखी कादंबरीत ते कप्पे तयार नसतात, एवढाच काय तो फरक. खालची सगळी खटपट ते कप्पे करण्यासाठी आहे, तेही शक्य तितके कमी.

१. प्रतच बिघडलेली नाही ना (दोन मिनिटं, फुकट)

हसू नका. छापील पुस्तक फर्म्याफर्म्याने बांधतात, बहुतेक वेळा एक फर्मा सोळा पानांचा, आणि बाइंडिंगमध्ये एखादा फर्मा पुढेमागे लागतो, किंवा एकच दोनदा लागतो आणि दुसरा गायब. सरळ गोष्टीत हे लगेच लक्षात येतं. पण उड्या मारणाऱ्या कादंबरीत ४८ नंतर थेट ६५ आलं तरी वाचणारा म्हणतो, वा, काय धाडस आहे लेखकाचं. तेव्हा वाचायला बसायच्या आधी कोपऱ्यातले आकडे फर्रकन चाळा. ई-बुक दोन डिव्हाइसवर वाचत असाल तर ते मध्येच विचारतं, सगळ्यात पुढच्या पानावर जाऊ का, आणि झोपेत 'हो' दाबलं जातं.

ऑडिओवाल्यांसाठी माझी फजिती सांगतो. एका कादंबरीच्या फायली फोनने नावाप्रमाणे लावल्या, म्हणजे १ नंतर १०, मग ११, मग १२, आणि २ आला तो एकोणिसाच्या नंतर. मी चार दिवस ऐकत होतो, नायक आधी म्हातारा, मग लग्न, मग शाळेत, आणि मी ग्रुपवर रचनेचं कौतुक करणारा लांबलचक मेसेजही टाकला, त्याला तीन जणांनी अंगठे दिले. कादंबरी सरळ होती हो. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकदम सरळ.

ही तपासणी पहिली का, तर पुढचं सगळं "हा घोळ लेखकाने मुद्दाम घातलाय" हे धरून चाललंय. आधी तेवढी खात्री करा.

२. पानावर छापलेल्या खुणा वाचा

प्रकरणाची शीर्षकं, तारखा, मोकळ्या ओळी, तीन फुल्या, तिरका टाइप. यातलं निम्मं आपण सजावट समजून सोडून देतो. विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) चं उदाहरण देतो कारण ती या बिघाडाची सगळ्यात प्रसिद्ध केस आहे आणि पुढेही लागणार आहे. तिचे चार भाग, चारांच्या डोक्यावर तारखा: ७ एप्रिल १९२८, मग २ जून १९१०, मग ६ एप्रिल १९२८, मग ८ एप्रिल १९२८. या चार तारखा चिठ्ठीवर लिहून ठेवल्या की तीन भाग लागोपाठच्या तीन दिवसांचे आहेत आणि एकच अठरा वर्षं मागचा आहे हे वाचायच्या आधीच कळतं, पण मी स्वतः पहिल्या दोन खेपांना त्या तारखांवरून नजर नुसती घसरवली होती. 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (२००३) मध्ये तर तुकड्याच्या वरच तारीख आणि नवरा-बायको दोघांची वयं दिलेली असतात, तिथे हरवलात तर दोष लेखिकेला देऊ नका.

काही लेखक चक्क वापरायची माहिती लिहून देतात. हुलिओ कोर्तासारच्या 'रायुएला'त (१९६३) सुरुवातीलाच सांगितलंय की एकतर १ पासून ५६ व्या प्रकरणापर्यंत सरळ वाचा आणि थांबा, नाहीतर ७३ पासून सुरू करून दिलेल्या तक्त्याप्रमाणे उड्या मारा. हे पान उलटून पुढे गेलेला माणूस मला भेटलाय, ५७ वं प्रकरण आल्यावर त्याला वाटलं पुस्तक संपून परत सुरू झालं.

मोकळी ओळ हा सगळ्यात लबाड प्रकार. तुकडा बदलला हे दाखवायला लेखक एक ओळ कोरी सोडतो, पण ती ओळ नेमकी पानाच्या तळाशी आली की दिसतच नाही, तुम्ही पान उलटता आणि वीस वर्षं मागे गेलेलं असता. ई-बुकमध्ये स्वतःचा फॉन्ट लावून ओळींमधलं अंतर कमी केलं की ती ओळ आणखीच दबते, आणि कधीकधी तिरका टाइपसुद्धा जातो. फॉकनरच्या पहिल्या भागात काळ बदलल्याची खूण बऱ्याच ठिकाणी तिरक्या टाइपानेच केलेली आहे, तो गेला तर राहिलं काय? तेव्हा अशा पुस्तकापुरतं सेटिंग प्रकाशकाचंच ठेवा.

वंशावळ असेल तर तिथे बोट ठेवून वाचा, पण ती आधीच पाठ करायला बसू नका, कोण कोणाशी लग्न करणार ते सगळं तिथे फुटतं. 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'च्या बऱ्याच आवृत्त्यांत वंशावळ असते आणि ती लागतेच, कारण त्यातल्या एकट्या कर्नल ऑरेलियानोला सतरा मुलगे आणि सतराच्या सतरा ऑरेलियानो.

३. कधी आणि किती वाचता ते बघा

रात्री आडवं झाल्यावर सहा पानं, हे असेल तर बाकी काही तपासू नका, बिघाड इथेच आहे. सरळ गोष्टीत सहा पानं चालतात कारण काल कुठे होतो ते आजचं पान स्वतःच सांगतं. इथे आजचं पान भलत्याच साली उघडतं. पहिली पन्नास-साठ पानं दोन बैठकींत संपवा, नंतर सैल सोडलं तरी चालतं. आणि थांबायचं ते तुकडा संपल्यावर, मध्येच नाही. पुस्तक मिटायच्या आधी बुकमार्कवर एक ओळ, कोण आहे, कुठे आहे, हे कशाच्या आधीचं. "दोघी स्टेशनवर, पत्र अजून आलेलं नाही." बस. माझ्याकडे ज्या तक्रारी येतात त्यातल्या अर्ध्याअधिक इथेच मिटतात, खरंच.

४. "आत्ता" कुठे आहे ते शोधा

हे मुख्य. वर म्हटलेला पहिला कप्पा हा.

उड्या मारणाऱ्या बहुतेक कादंबऱ्यांत एक धागा असा असतो जो निमूटपणे पुढेच जातो. त्याला मी 'आत्ता' म्हणतो. तो सापडला की बाकी सगळ्याला एकच प्रश्न विचारायचा, हे आत्ताच्या आधीचं की नंतरचं. साल नको, तारीख नको. 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९) मध्ये बिली पिल्ग्रिम काळात कुठेही फेकला जातो, लग्नात, म्हातारपणात, पार दुसऱ्या ग्रहावर, पण नुसता युद्धाचा धागा धरून बघा, पकडला जाण्यापासून फेब्रुवारी १९४५ मधल्या ड्रेस्डेनच्या बॉम्बहल्ल्यापर्यंत तो बराचसा सरळ चालतो. तो एक हातात ठेवला की बाकीचे तुकडे घाबरवत नाहीत.

मराठीत वाचत असाल तर 'आत्ता' शोधायचं सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे क्रियापद. गंमत बघा, हे मी आत्ताच रचलंय:

"ती त्या घरात राहायला आली होती तेव्हा पाऊस पडत होता. सामान व्हरांड्यात ठेवलं. आईने किल्ली काढली. कुलूप उघडेना."

पहिल्या वाक्यात 'आली होती' आहे, म्हणजे दार उघडून मागच्या काळात नेलं. पण दुसऱ्या वाक्यापासून 'होती' गळून पडलं, साधं 'ठेवलं', 'काढली'. लेखक असंच करतात आणि त्यांना करावंच लागतं, दहा पानं 'आली होती, ठेवलं होतं, काढली होती' कोण वाचेल. पण मुख्य धाग्यातलं क्रियापदही असंच साधं असतं, "त्याने किल्ली काढली", त्यामुळे चौथ्या-पाचव्या वाक्याला आपण विसरतो की आपण अजून मागेच आहोत. पाय इथेच घसरतो, प्रकरणाच्या सुरुवातीला नाही. उपाय अगदी बाळबोध आहे, 'आली होती' दिसलं की समासात पेन्सिलने उघडा कंस करा, आणि परत आलो असं वाटलं की बंद कंस. परतीची खूण बहुधा छोटीशी असते, 'आता', 'आज', फोन वाजला, कोणीतरी हाक मारली, हातातली किल्ली अजून हातातच होती. बंद कंस सापडेना तर पुढे जाऊ नका, एक पान मागे जा. अनुवादित पुस्तकात जास्त सावध राहा कारण काही अनुवादांत ते सुरुवातीचं 'आली होती' सुद्धा 'आली' झालेलं मी पाहिलंय आणि मग काय, दारच नाही, नुसती भिंत.

आणि 'येई, जाई, बसत, यायचे' हे आलं की ते ठिपका म्हणून धरू नका. "दर रविवारी ते नदीवर जात" ही एक घटना नाही, ती पट्टी आहे, चार वर्षं लांब असेल नाहीतर दहा. लोक तिला क्रमात एका जागी बसवायला जातात आणि बसत नाही म्हणून वैतागतात.

५. गोष्टीतलं घड्याळ

आत्ता सापडला तरी मागच्या तुकड्यांचा आपसांतला क्रम लागत नाही. इथे लोक साल शोधतात आणि साल बहुधा दिलेलं नसतं. साल सोडा, अशी वस्तू किंवा माणूस शोधा जो एकाच दिशेने बदलतो.

फॉकनरचा पहिला भाग घ्या. बेंजी सांगतोय, वय तेहतीस पण काळाचं भान नाही, कालचं आणि तीस वर्षांपूर्वीचं त्याला सारखंच. कुंपणातून जाताना त्याचा कपडा खिळ्यात अडकतो, सोबतचा लस्टर त्याच्यावर करवादतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात खिळ्यातून सोडवणारी बहीण कॅडी आहे, म्हणजे आपण पोचलो त्याच्या लहानपणात. पलीकडे गोल्फ खेळणारे 'कॅडी' म्हणून पोऱ्याला हाक मारतात आणि हा बहिणीसाठी रडतो. उडी कशावरून बसली ते दिसतं, खिळा, हाक. पण उडी मारून आलो कुठे ते कसं कळणार? तर बेंजीला सांभाळणारी मुलं बदलत गेलेली आहेत. व्हर्श असेल तर तो लहान, टी. पी. असेल तर मधला काळ, लस्टर असेल तर १९२८. झालं. मी चौथ्यांदा सोडलेलं पुस्तक पाचव्यांदा पूर्ण वाचू शकलो ते या तीन नावांवर. बुकमार्कवर तीन नावं लिहिली होती, बाकी काही नाही.

'कॅच-२२' (१९६१) या युद्धावरच्या कादंबरीत घड्याळ म्हणजे बॉम्बफेकीच्या विमानफेऱ्यांचा आकडा. घरी जायला किती फेऱ्या पुऱ्या करायच्या तो आकडा कर्नल वाढवतच राहतो, पार ऐंशीपर्यंत, त्यामुळे कुठल्याही तुकड्यात आकडा दिसला की आपण कुठे आहोत ते कळतं. इतर पुस्तकांत घड्याळ म्हणजे कुत्रा असतो, पडलेला दात असतो, घरात आलेला फोन, हाताचं प्लास्टर, कोणाचं तरी बदललेलं नाव. ऋतूवर मात्र विसंबू नका. पाऊस दर वर्षी येतो.

नावावरही नको. फॉकनरमध्ये क्वेंटिन दोन आहेत, एक मामा आणि एक भाची, आणि बेंजीचं आधीचं नाव मॉरी. 'वदरिंग हाइट्स'मध्ये कॅथरीन आई आणि कॅथरीन मुलगी.

६. कार्ड

एवढं करूनही अडत असेल तरच कागद. मोठा तक्ता नाही, हातात मावेल असं कार्ड, सात-आठ नोंदींच्या वर नाही. डावीकडे पान नंबर, उजवीकडे घटना, आणि नंतर कडेला फक्त आधी-नंतरचे बाण.

परत रचलेलं उदाहरण घेतो. पान ३, निवेदक कुलूपबंद घरासमोर उभा, दार तपकिरी, एका टवक्यातून खालचा निळा रंग दिसतोय. पान १९, थोरला भाऊ नवीन काचेचं दार निळं रंगवतोय, निवेदकाने शिडी धरलीय. पान ३१, दोघांचं भांडण, निळ्या दाराची काच फुटते, भाऊ निघून जातो. पान ४४, बहिणीचं पत्र, काच बदलून घेतली. पान ५८, भाऊ उंबऱ्यात बसून हसतोय, मागे दाराच्या काचेत संध्याकाळचं ऊन, दाराचा रंग सांगितलेलाच नाही.

आता लावा. १९, ३१, ४४, आणि ३ सगळ्यात शेवटी कारण निळ्यावर तपकिरी चढलाय. ५८ कुठे? काच शाबूत आहे. म्हणजे एकतर १९ आणि ३१ च्या मधे, नाहीतर ४४ च्या नंतर. मधे असेल तर ती नुसती भांडणाआधीची एक छान संध्याकाळ. ४४ नंतर असेल तर भाऊ परत आला होता. अख्खी गोष्ट बदलते, आणि लेखकाने रंग मुद्दाम लिहिलेला नाही. कार्डवर ५८ च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढे वाचायचं, पण आता तुम्हाला माहितीये की कशाची वाट बघायचीय, कुठेतरी त्या संध्याकाळच्या दाराचा रंग येणार आहे, तो आला की सुटू नये. कार्डाचं काम एवढंच, सगळे प्रश्न सोडवायला ते नाहीच, कुठला प्रश्न महत्त्वाचा ते दिसण्यासाठी आहे. लक्षणांतलं पाचवं, कशामुळे काय झालं, ते इथे हळूहळू बरं व्हायला लागतं.

७. घटना पाच की एकच पाच वेळा?

हा चेक छोटा आहे पण बरेच जण इथे फसतात. कार्डावर विमानातला एक मृत्यू तीन ठिकाणी आला तर ते तीन मृत्यू नाहीत. 'कॅच-२२' मध्ये स्नोडनचं मरण असंच परत परत येतं, दर खेपेला थोडं जास्त दाखवून. जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये निवेदनाच्या काळाचे तीन वेगळे प्रश्न मांडले, क्रम, कालावधी आणि वारंवारता, आणि माझा अनुभव असा की लोक तक्रार क्रमाची करतात आणि बिघाड निघतो वारंवारतेचा. अशा घटनेला कार्डावर एकच ओळ द्या आणि पान नंबर वाढवत जा, ३०, ५२, १७०. मग प्रश्न "हे कधीचं" असा राहत नाही, "हे मला परत आत्ता का दाखवलं" असा होतो, आणि त्याचं उत्तर बहुधा अलीकडच्या पाच पानांतच असतं.

८. एकच धागा सलग वाचणं

सगळ्यात कष्टाचं म्हणून शेवटी. एका माणसाचे सगळे तुकडे पान शोधून शोधून सलग वाचायचे. हे फक्त दुसऱ्या वाचनाला. पहिल्यांदाच केलंत तर लेखकाने जे लांबवलंय ते तुम्ही स्वतःच्या हाताने फोडता आणि मग म्हणता यात काही दमच नाही. मी एकदा केलंय असं, चांगल्या कादंबरीची बातमी करून टाकली.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मात्र मला या उपायानेच उघडली. कुशंक पुरंदरेच्या आयुष्याचे तुकडे, मागचे-पुढचे, एकमेकांना न विचारता येणारे. कार्ड करायला घेतलं तर निम्म्या नोंदींपुढे प्रश्नचिन्हं, तेव्हा कार्ड फेकलं, आधी एकदा तसंच वाहत वाचलं आणि दुसऱ्यांदा एकेक माणूस धरून गेलो. क्रम अजूनही पूर्ण लावता येणार नाही मला. त्याने माझं काही अडलं नाही.

कधी थांबायचं, कधी जाणकाराला बोलवायचं

क्रम लावण्यासाठी पुस्तक बनलेलंच नसेल तर थांबा. बी. एस. जॉन्सनची 'द अनफॉर्च्युनेट्स' (१९६९) डब्यात येते, सुटे २७ भाग, पहिला आणि शेवटचा ठरलेला, मधले २५ हवे तसे पिसा. तिथे कार्ड घेऊन बसणं म्हणजे पत्त्यांच्या कॅटला अनुक्रमणिका लावणं. हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो'त (१९५५) जिवंत कोण मेलेलं कोण हेच आधी कळत नाही, तिथेही एका टप्प्यानंतर क्रमाने काही सुटत नाही.

तीन बैठका, कार्ड, घड्याळ सगळं झालं आणि तरी आत्ता सापडत नसेल तर टीपांची आवृत्ती आणा किंवा ते पुस्तक शिकवणाऱ्या माणसाला विचारा, यात कमीपणा काही नाही. 'वदरिंग हाइट्स' सुरू होते १८०१ साली आणि तिथून जी मागे जाते ती पिढीभर, सालं फार थोडी दिलेली आहेत, तिचा संपूर्ण कालक्रम लावून दाखवला तो सी. पी. सँगर यांनी १९२६ मध्ये, आणि ते पेशाने वकील होते, पात्रांची वयं, महिने, एवढंच काय वारसाहक्काचा कायदाही त्यांनी तपासला. फॉकनरची तर स्वतःचीच इच्छा होती की पहिल्या भागातले वेगवेगळे काळ वेगवेगळ्या शाईत छापावेत, तेव्हा ते जमलं नाही, २०१२ मध्ये एका प्रकाशनाने अभ्यासकांना बसवून तो भाग चौदा रंगांत छापला. चौदा! आणि आपण बिछान्यात सहा पानं वाचून स्वतःला मठ्ठ म्हणतो.

गाठ काळाची नसून इतिहासाची असेल, म्हणजे कुठलं युद्ध, कोणाचं राज्य हेच माहीत नसेल, तर कादंबरी बाजूला ठेवून त्या काळावर दहा मिनिटं काहीतरी साधं वाचून या. कथेचा सारांश मात्र अर्धं पुस्तक होईपर्यंत उघडू नका, सारांश सगळं सरळ करून सांगतो आणि मग पानावरची प्रत्येक उडी नुसती अडचण वाटते.

आणि एक गंभीरपणे. साधी बातमी, साधा सरळ लेख वाचतानाही ओळी निसटत असतील, आत्ता वाचलेलं लगेच पुसलं जात असेल, अक्षरं नाचत असतील, आणि हे आधी होत नव्हतं, तर ही कादंबरीची तक्रार नाही. डोळे तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवा.

शेवटचं, कार्ड पुस्तकात ठेवून पुस्तक कोणाला देऊ नका. मी दिलं. मित्राने पहिल्या पानाच्या आधी कार्ड वाचलं, मला मनसोक्त शिव्या दिल्या, तरी पुस्तक नेटाने संपवलं. महिन्याभराने परत आलं तेव्हा कार्ड आतच होतं, फक्त माझ्या पाचव्या आणि सहाव्या नोंदीच्या मधे लाल पेनने उलटा बाण काढलेला आणि बाजूला पान नंबर, २११. उघडून बघितलं. त्याचंच बरोबर होतं.